शेजारच्या राउटरमधून कन्सोल मिळतो, आणि नीट मिळतो

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात नेटवर्कची कामं करणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. ‘कन्सोल म्हणजे वायर लावून समोर बसायचं काम. एका राउटरमधून दुसऱ्याचा कन्सोल लांबून उघडत नाही. ऑक्स पोर्ट फक्त मोडेमसाठी असतो. हवंच असेल तर टर्मिनल सर्व्हर घ्या. असले जुगाड म्हणजे चोराच्या हातात किल्ली.’ (कन्सोल म्हणजे राउटरला वायर लावून थेट हुकूम द्यायचा पोर्ट, ऑक्स म्हणजे राउटरवरचा जादा पोर्ट, टर्मिनल सर्व्हर म्हणजे बरेच कन्सोल लांबून उघडून देणारं मशीन.) माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दोन पोरांनी हे खरं मानलं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘लांबून उघडत नाही.’ उघडतो. सिस्कोच्या राउटरवर याला रिव्हर्स टेलनेट म्हणतात आणि ही सोय फार जुनी आहे. पहिल्या राउटरचा ऑक्स पोर्ट दुसऱ्याच्या कन्सोलला जोडायचा, पहिल्यावर लॉगिन करायचं आणि तिथून त्या पहिल्याच्याच पत्त्यावर ठरावीक पोर्ट नंबरने टेलनेट (दुसऱ्या मशीनवर लांबून हुकूम टाइप करायची जुनी सोय) करायचं. समोर दुसऱ्याचा कन्सोल येतो. याची किंमत मला एका पावसाळ्यात कळली. कणकुंबीकडच्या एका शाखेच्या राउटरवर मी बेळगावातून अ‍ॅक्सेस-लिस्ट, म्हणजे कोणाला आत येऊ द्यायचं त्याची यादी, लावली. एक ओळ चुकली आणि राउटरने मलाच बाहेर काढलं. जांबोटीमार्गे भर पावसात गाडीवरून गेलो, दोन ओळी टाइप केल्या आणि भिजतच परत आलो. त्याच खोलीत, हातभर अंतरावर, सिमकार्डच्या जोडणीवरचा दुसरा राउटर व्यवस्थित चालू होता. मधे फक्त एक वायर नव्हती.

‘ऑक्स फक्त मोडेमसाठी.’ मोडेम हा त्याचा एक उपयोग. मुळात तो असिंक सिरियल पोर्ट, म्हणजे एकेक अक्षर ओळीने पाठवणारा साधा पोर्ट आहे, समोर कन्सोल असला तरी त्याला चालतं. वायर मात्र रोलओव्हर लागते: 1 नंबरची पिन 8 ला, 2 नंबरची 7 ला, अशी पूर्ण उलटी. दोन्ही टोकं शेजारी शेजारी, खटके एकाच बाजूला ठेवून धरा. एकीकडचे रंग डावीकडून जसे दिसतात, तसेच दुसरीकडे उजवीकडून दिसले की वायर बरोबर.

सेटिंगमध्ये ‘लाइन ऑक्स 0’ खाली ‘ट्रान्सपोर्ट इनपुट टेलनेट’ (टेलनेटला वाट द्यायला) आणि ‘नो एक्झेक’ (ऑक्सने स्वतः लॉगिन विचारू नये म्हणून) द्यायचं, वेग 9600 ठेवायचा. पोर्ट नंबर म्हणजे 2000 अधिक लाइनचा नंबर; राउटर आपल्या कन्सोल, ऑक्स अशा प्रत्येक वाटेला जो क्रमांक देतो, तो लाइनचा नंबर. माझ्या मते हा मेसेज जन्मला तो इथेच. सिस्कोच्या 1841 किंवा 2811 मॉडेलवर ऑक्सची लाइन 1 असते, म्हणून 2001 चालतं. 2600 मालिकेत ती 65 असते, म्हणून 2065 लागतं. लोक सगळीकडे 2001 मारतात, जोडणी नाकारली गेली की ‘होत नाही’ म्हणून मोकळे होतात. आधी ‘शो लाइन’ हा हुकूम देऊन बघा, नंबर तिथे लिहिलेला असतो.

दुसरी अडचण ‘नो एक्झेक’ विसरल्याची. मग ऑक्स स्वतःच लॉगिन विचारायला लागतो, समोरचा कन्सोल त्यावर काहीतरी उत्तर देतो, दोन्ही मशीन एकमेकांशीच बोलत बसतात आणि लाइन अडकते. ‘क्लिअर लाइन’ने ती सुटते. काम झालं की कंट्रोल, शिफ्ट, 6 एकत्र दाबून सोडा, मग एक्स दाबा. पहिल्या राउटरवर परत येता.

टर्मिनल सर्व्हरचं थोडक्यात. दहा-पंधरा राउटर एका रॅकमध्ये असतील तर जरूर घ्या, सिस्कोच्या जुन्या 2511 मॉडेलला 16 असिंक पोर्ट मिळायचे. दोन राउटरच्या शाखेसाठी पैसे घालवू नका. ऑक्सच नसलेले राउटर असतील तर मात्र असिंक कार्ड लागेल.

‘चोराच्या हातात किल्ली’ या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणून तो झटकून टाकणार नाही. टेलनेटमध्ये पासवर्ड उघडा जातो. पण तुमच्या जागेवरून पहिल्या राउटरपर्यंत एसएसएचने (टेलनेटसारखंच, पण पासवर्ड झाकून नेणारं) जा, टेलनेट फक्त त्या राउटरच्या पोटात राहू द्या आणि ऑक्स लाइनवर अ‍ॅक्सेस-क्लास लावून बाहेरच्यांना ते पोर्ट बंद करा. खरा धोका वेगळाच आहे आणि मेसेजमध्ये तो नाही. तुम्ही जोडणी तोडली तरी समोरच्या कन्सोलला ते कळत नाही. तुम्ही इनेबल मोडमध्ये (सगळे अधिकार असलेल्या अवस्थेत) सोडून गेलात, तर पुढच्या माणसाला पासवर्डशिवाय तोच प्रॉम्प्ट हातात मिळतो. काही जण कन्सोलवर ‘एक्झेक-टाइमआउट 0 0’ ठेवतात, म्हणजे तो कधीच बंद होत नाही. ते काढा, 5 मिनिटं द्या, ‘लॉगिन लोकल’ (राउटरवरच ठेवलेलं नाव आणि पासवर्ड विचारणारं) लावा आणि निघताना आठवणीने ‘एक्झिट’ करा.

‘मग नुसतं एसएसएच पुरे की’ असंही मला विचारलं गेलं. एसएसएचला पत्ता लागतो, इंटरफेस चालू लागतो. राउटर रॉममॉनमध्ये (मुख्य सॉफ्टवेअर सुरू होण्याआधीच्या अवस्थेत) अडकला असेल तर यातलं काहीच नसतं, फक्त कन्सोल बोलतो.

मर्यादाही सांगतो. दोन्ही राउटर बाहेरच्या एकाच जोडणीवर असतील तर ती तुटल्यावर या वायरचा उपयोग नाही, आणि वीज गेली, यूपीएस संपला तर कशाचाच नाही. जोडण्या वेगळ्या असतील तर याचा ऑक्स त्याच्या कन्सोलला आणि त्याचा ऑक्स याच्या कन्सोलला, अशा दोन वायरी टाका. दोन्ही टोकांना ‘ही वायर काढू नये’ अशी चिठ्ठी चिकटवा, मराठीत आणि कन्नडमध्येही. यूपीएस बघायला येणारा माणूस कुठल्या गावचा असेल ते सांगता येत नाही, आणि दोन्ही टोकं राउटरलाच लागलेली वायर बघून तो ती हमखास काढतो.