गॉगल-टोपीवाल्याला घराबाहेर काढताना

मुलाच्या फोनवर क्रोमचे तीन ठिपके दाबले की वरच्याच ओळींत टोपी आणि चष्मा घातलेला एक इसम दिसतो. हा इन्कॉग्निटो, म्हणजे काय काय पाहिलं त्याची नोंद फोनवर मागे न ठेवणारी गुप्त खिडकी. त्याला हाकलायचं ठरवून आईबाप सेटिंग्जमध्ये शिरतात आणि तिथेच त्यांचा दिवस जातो. कारण क्रोमच्या सेटिंग्जमध्ये इन्कॉग्निटो बंद करायचं बटणच नाही. कितीही खाली सरकवा, नाही.

त्याऐवजी ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये सापडतं इन्कॉग्निटो टॅब लॉक करायचं बटण. लॉक हा शब्द वाचून पालकाचा जीव भांड्यात पडतो. तो बटण सरकवतो आणि निवांत चहा प्यायला जातो. प्रत्यक्षात त्या बटणाने एवढंच होतं, की क्रोममधून बाहेर पडून परत आल्यावर उघडे ठेवलेले गुप्त टॅब बोटाचा ठसा दिल्याशिवाय दिसत नाहीत. ठसा कोणाचा? ज्याचा फोन, त्याचा. म्हणजे आजवर उघड्यावर होते ते टॅब तुम्ही स्वहस्ते चिरंजीवांच्या अंगठ्याखाली सुरक्षित ठेवलेत. आयफोनच्या सफारीतही आयओएस १७ पासून ही सोय आहे, तेव्हा तिकडच्या पालकांनी हसू नये.

मला विचाराल तर ब्राउझरशी भांडूच नये, खातं पकडावं. अँड्रॉइडवर मूल फॅमिली लिंकच्या, म्हणजे पालकांसाठीच्या गूगलच्या ॲपच्या, देखरेखीखालच्या गूगल खात्याने आत शिरलेलं असेल, तर क्रोममधला टोपीवाला आपोआप गायब होतो. त्यासाठी पालकाच्या फोनवर फॅमिली लिंक ॲप घ्यायचं, आणि मुलाच्या फोनवर सेटिंग्ज, मग गूगल, मग ‘पॅरेंटल कंट्रोल्स’ असं जाऊन दोन्ही खाती जोडायची. इथे पालकाच्या स्वतःच्या जीमेलचा पासवर्ड लागतो. तो ज्याला पाठ आहे अशी घरातली एकमेव व्यक्ती बहुधा आठवीत शिकत असते. तिला हाक मारायचा मोह आवरावा. पासवर्ड बदलून घ्यावा, आणि नवा पासवर्ड म्हणजे मुलाचं नाव आणि त्याचं जन्मसाल असू नये.

मूल मोठं असेल आणि खातं आधीपासूनचं असेल, तर देखरेख सुरू करताना त्याचा पासवर्ड त्यालाच टाकावा लागतो. थोडक्यात, कैद्याची सही घेऊनच कोठडी बांधायची आहे. त्यामुळे आधी बोलणी होतात, आणि बोलणी म्हटली की नव्या हेडफोनचा विषय निघतोच.

सगळ्यात जास्त घरं जिथे फसतात ती जागा वेगळीच आहे. मुलाच्या हातातला फोन म्हणजे आईचा जुना फोन, आणि त्यात अजून आईचंच खातं. गूगलच्या दृष्टीने तो फोन बेचाळीस वर्षांची एक जबाबदार गृहस्थ बाई वापरते आहे आणि रात्री साडेअकराला गेमच्या चीटकोडचा अभ्यास करते आहे. अशा फोनवर वरवरची मलमपट्टी चालत नाही. फोटो दुसरीकडे हलवा, फोन फॅक्टरी रीसेट करा आणि पहिलं खातं मुलाचंच टाका. रीसेट सेटिंग्जमधूनच करा. बाजूची बटणं दाबून केलात, तर फोन सुरू होताना जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो आणि पुन्हा आठवीतल्या तज्ज्ञाकडे जावं लागतं.

आता मागचं दार. क्रोम सुधारला म्हणून सॅमसंगच्या फोनमधला सॅमसंग इंटरनेट सुधारत नाही. त्यात ‘सीक्रेट मोड’ आहे आणि त्याला वेगळा पासवर्डही लावता येतो. शाओमीच्या फोनांत त्यांचा स्वतःचा ब्राउझर येतो. फायरफॉक्स, ऑपेरा, ब्रेव्ह ही मंडळी प्ले स्टोअरवर वाटच बघत असतात. फॅमिली लिंकच्या ॲपच्या यादीत जाऊन क्रोमखेरीज प्रत्येक ब्राउझर ब्लॉक करा, आणि गूगल प्लेच्या मंजुरीत ‘सर्व कंटेंट’ निवडा, म्हणजे फुकटचं ॲपही तुम्हाला विचारल्याशिवाय उतरणार नाही. एक मेख आहे. पूर्वी एकदा मंजूर केलेलं ॲप काढून पुन्हा टाकलं, तर परवानगी मागितली जात नाही. म्हणून जुनी मंजुरी देताना तुम्ही झोपेत होता की नव्हता, ते तपासा. त्याच ॲपमध्ये मुलाच्या उपकरणाची सेटिंग्ज असतात. तिथे अनोळखी स्रोतांतून ॲप घेणं, नवे युजर जोडणं आणि डेव्हलपर पर्याय, तिन्ही बंद करा. नाहीतर मूल फोनवरच दुसरा युजर तयार करतं आणि तुमची सगळी व्यवस्था पहिल्या युजरपाशी पहारा देत बसते.

फॅमिली लिंकमध्येच क्रोमवरच्या वेबसाइटांसाठी तीन पर्याय दिसतील. ‘फक्त मंजूर साइट’ हा ऐकायला फार गोड आहे. तो निवडू नका. शाळेचा प्रकल्प सुरू झाला की दर दोन मिनिटांनी तुमच्या फोनवर परवानगीची विनंती येते, आणि साहेबांसमोर मीटिंगमध्ये बसून तुम्ही ‘बेडकाचं जीवनचक्र’ मंजूर करत राहता. मधला, अश्लील साइट अडवायचा पर्याय पुरेसा आहे.

आयफोनवर काम सुटसुटीत आहे. सेटिंग्ज, स्क्रीन टाइम, ‘कंटेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्स’ सुरू करा, आत वेब कंटेंटमध्ये ‘लिमिट ॲडल्ट वेबसाइट्स’ निवडा. सफारीतला ‘प्रायव्हेट’ पर्याय तत्क्षणी नाहीसा होतो, आणि हिस्टरी पुसायचं बटणही मरतं, हा बोनस. मात्र स्क्रीन टाइमला वेगळा चार आकडी पासकोड द्यावा लागतो. तो विसरलात तर सोडवायला ॲपल खातं विचारतात. तिथे मुलाचं खातं टाकलंत तर सुटका मुलाचीच. गाळणी कधीकधी जीवशास्त्राचा निष्पाप धडाही अडवते. तो पत्ता ‘नेहमी परवानगी’च्या यादीत टाकायचा.

मुलाला एक गोष्ट जरूर सांगा. इन्कॉग्निटो एवढंच करतो, की त्या फोनवर हिस्टरी आणि कुकी (वेबसाइटांनी ठेवलेल्या खुणेच्या चिठ्ठ्या) मागे ठेवत नाही. वायफायवाला, शाळेचं नेटवर्क, ती वेबसाइट, सगळ्यांना वाट दिसतेच. यावरून गूगलवर २०२० साली अमेरिकेत दावा लागला आणि २०२४ मध्ये साठवलेल्या नोंदी नष्ट करायचं मान्य करून तडजोड झाली. पोरं हे ऐकून घेतात, कारण यात बापाचं मत नसतं.

राउटरवर डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) म्हणून १.१.१.३ आणि १.०.०.३ टाकलं, तर क्लाउडफ्लेअर या कंपनीची कौटुंबिक गाळणी गुप्त टॅबलाही लागू होते, कारण ती टोपीकडे बघतच नाही. इन्स्टाग्राम आणि टेलिग्रामच्या पोटात उघडणाऱ्या लिंकही त्यातून सुटत नाहीत. अट एवढीच की राउटरचा ‘ॲडमिन’ हा पासवर्ड बदललेला हवा आणि मोबाइल डेटा बंद हवा. डेटा चालू असेल तर राउटर बिचारा भिंतीवर दिवे लुकलुकवत बसतो.

हे सगळं झाल्यावर तपासणी. क्रोमच्या आयकॉनवर बोट दाबून धरा. ‘नवीन इन्कॉग्निटो टॅब’ दिसत नसेल, तर जमलं. मग आजीच्या फोनकडे वळा. त्याला लॉक नाही, डेटा रोजचा दीड जीबी, खातं मोठ्या माणसाचं, आणि नातवाला तो हवा तेव्हा मिळतो, कारण ‘बाळ, जरा आरती लावून दे’ हे काम त्याच्याकडेच असतं. आजीला पिन लावून द्या. १२३४ सोडून कुठलाही. मात्र तो कागदावर लिहून फोनच्या कव्हरमध्ये ठेवायचा त्यांचा आग्रह असेल, तर तुमचा नाइलाज आहे.