उंदरांच्या मेंदूचे काप काढून कुणाचं भलं झालं?

आज दुपारी एका वास्तुशांतीला गेलो होतो. पंगतीत माझी पुतणी शेजारीच बसली होती. ती मेंदूविज्ञानात पीएचडी करते. समोरच्या पाटावरच्या एका नातेवाइकांनी तिला विचारलं, "नक्की करतेस काय गं तू?" तिने बिचारीने नीट समजावून सांगितलं. उंदराच्या मेंदूचे पातळ काप काढायचे, कुठली पेशी कुठल्या पेशीला जोडलेली आहे ते बघायचं, त्याचा नकाशा करायचा. गृहस्थ म्हणाले, "आणि ह्याला सरकार पैसे देतं? उंदरांच्या मेंदूचे काप काढून कुणाचं भलं झालंय? त्यापेक्षा गावात डॉक्टर द्या म्हणावं." पंगतीतले चारजण हसले. पोरगी खाली मान घालून मसालेभात चिवडत राहिली.

दुसऱ्याच्या घरचं कार्य होतं म्हणून तिथे बोललो नाही. इथे बोलतो.

ज्यांनी आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शेवटच्या काळात पाहिलंय त्यांना हे ठाऊक आहे. अण्णा एसटीत कंडक्टर होते, बरीच वर्षं पुणे-सातारा मार्गावर. पुढे विस्मरण सुरू झालं आणि वाढत वाढत अशी वेळ आली की मी खोलीत गेलो की ते मान वर करून विचारायचे, "कुठं उतरणार?" मी म्हणायचो, "सातारा." मग ते हात पुढे करायचे, "सुट्टे द्या." मी कोण, हे त्यांना माहीत नसायचं. माझं नाव, आईचं नाव, घर कुठलं, काही नाही. पण थांबे विचारा! कात्रज, शिंदेवाडी, खेड शिवापूर, कापूरहोळ, किकवी, सारोळा, शिरवळ, खंडाळा, वेळे, सुरूर, भुईंज, पाचवड. एका दमात. ही पुतणी तेव्हा लहान होती. ती मुद्दाम एखादा थांबा गाळायची, "खंडाळा, सुरूर..." की अण्णा लगेच बोट वर करायचे, "वेळे राहिलं."

पोटचा मुलगा पुसला गेला आणि वेळे राहिलं. का? मी प्रत्येक डॉक्टरला हेच विचारायचो. पहिल्याने सांगितलं, वयोमानाने होतंच. दुसऱ्याने एमआरआय काढायला लावला, फिल्म दिव्यावर धरली आणि म्हणाला, हे बघा, मेंदू आकसलाय. स्मृतिभ्रंशाची सुरुवात बहुतेकदा हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या आसपासच्या भागातून होते, नव्या आठवणी तिथे घडतात, म्हणून आधी नवं जातं आणि हजार वेळा घोटलेलं जुनं टिकतं, एवढं त्यांनी समजावलं. पण त्यापुढे? एका माणसात हे दोन वर्षांत पसरतं, दुसऱ्यात बारा वर्षं लागतात, ते का? थांबवायचं कुठे? त्यांनी हात जोडले. खरंच जोडले. माणूस चांगला होता.

म्हणून "गावात डॉक्टर द्या" ऐकलं की माझं डोकं फिरतं. डॉक्टर हवेतच. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या रिकाम्या जागा भरा, त्याला कोण नको म्हणतंय? पण अण्णांच्या वेळी डॉक्टर होते! न्यूरॉलॉजिस्ट होता, मशीन होतं, पदरचे पैसेही घातले. त्या डॉक्टरच्या हातात द्यायला काही नव्हतं. एक गोळी होती, तिने थोडे दिवस बरं वाटलं, रोग जिथे जायचा तिथे गेलाच. डॉक्टरच्या हातात काही यायचं असेल तर आधी कुणीतरी वर्षानुवर्षं मान मोडून काप बघावे लागतात. १९०१ साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात आलोइस अल्झायमर नावाच्या डॉक्टरसमोर एक बाई आली होती, नवऱ्याचं नाव विचारलं तरी स्वतःचंच नाव सांगणारी. १९०६ मध्ये ती गेल्यावर त्याने तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा कुठे या आजाराची पहिली खूण दिसली. काप काढून कुणाचं भलं झालं, विचारताय? सुरुवातच तिथून आहे.

आणि हे काम कंपन्या करत नाहीत. का करतील? त्यांना चार-पाच वर्षांत विकता येईल असं काहीतरी हवं असतं. ३०२ चेतापेशींच्या एका किड्याचा संपूर्ण नकाशा केंब्रिजच्या सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेत तयार झाला. सिडनी ब्रेनरच्या गटाने तो १९८६ मध्ये छापला, आणि त्यामागे दहा वर्षांहून जास्त मेहनत होती. दिसायला एक मिलिमीटरचा किडा! तिथून २०२४ मध्ये फळमाशीच्या मेंदूपर्यंत पोचलो, १ लाख ३९ हजार २५५ पेशी आणि त्यांच्यामधल्या ५ कोटींवर जोडण्या. त्यातही अमेरिकन सरकारचा मोठा पैसा आहे. माणसाच्या मेंदूत साधारण ८,६०० कोटी पेशी. अजून किती चालायचंय याचा अंदाज करा. एवढी वाट बघायची ऐपत फक्त सरकारची असते.

तीही टिकवावी लागते. अमेरिकेत ओबामांनी २०१३ मध्ये ब्रेन इनिशिएटिव्ह हा मेंदू संशोधनाचा सरकारी कार्यक्रम जाहीर केला, निधी वाढत वाढत २०२३ मध्ये ६८ कोटी डॉलरपर्यंत गेला, आणि पुढच्याच वर्षी ४० कोटींवर आणला. त्यानंतर ३२ कोटींवर. अर्ध्यात आलेल्या प्रयोगांचं काय करायचं? उंदीर काही अर्थसंकल्पाची वाट बघत जिवंत राहत नाहीत. शिकवून तयार केलेली मुलं नोकरी शोधत दुसरीकडे जातात ती परत येत नाहीत.

हो, युरोपने पैसा उधळला हेही खरं. २०१३ मध्ये ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट सुरू झाला तेव्हा दहा वर्षांत अख्खा मेंदू संगणकात उभा करतो अशी भाषा होती. वर्षभरात शेकडो शास्त्रज्ञांनीच विरोधाचं पत्र लिहिलं, आणि २०२३ मध्ये प्रकल्प संपला तेव्हा तो मेंदू काही उभा नव्हता. मान्य. पण एका पुढाऱ्याने बांधलेला पूल पडला म्हणून आपण पूल बांधायचे थांबवत नाही.

आता आपल्याकडचं बघा. मला अभिमान आहे, मनापासून आहे. डिसेंबर २०२४ मध्ये आयआयटी मद्रासने 'धरणी' जगासमोर ठेवला. गर्भातल्या बाळाच्या मेंदूचा त्रिमिती नकाशा, ५,१३२ काप, एकेक पेशी दिसेल इतका बारीक, आणि जगात कुणालाही फुकट बघता येईल असा. माझ्या पुतणीने लॅपटॉपवर तो उघडून दाखवला. एक काप मोठा मोठा करत गेली, तशी जांभळ्या ठिपक्यांची गर्दी वर आली. ती बोट ठेवून सांगत होती, काका, ह्या पेशी इथे जन्मतात आणि इथून वर सरकत जातात. मी चष्मा पुसून पुसून बघत होतो. हे आपल्या माणसांनी केलंय.

पण आयआयटी मद्रासमधल्या ज्या मेंदू केंद्राने हे केलं, त्यामागे सर्वांत मोठा हात कुणाचा? इन्फोसिसचे एक संस्थापक क्रिस गोपालकृष्णन यांचा. केंद्राला नाव त्यांच्या पत्नीचं आहे. बेंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेतलं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च, जे कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरात खेड्यातल्या हजारो माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करतंय, म्हातारपणी कुणाचा मेंदू शाबूत राहतो आणि कुणाचा नाही हे शोधतंय, तेही त्यांच्याच ट्रस्टच्या पैशावर उभं राहिलं. त्या गृहस्थांना दंडवत. सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाचीही धरणीला मदत झाली, तेही सांगितलं पाहिजे. पण १४० कोटींच्या देशात मेंदूवरची दोन मोठी कामं एकाच कुटुंबाच्या दानतीवर उभी राहतात, ह्याचं कुणालाच काही वाटत नाही? उद्या त्यांच्या मनात दुसरं काही आलं तर?

देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के. संशोधनाला पैसे देण्यासाठी सरकारने काढलेल्या अनुसंधान फाउंडेशनचे पाच वर्षांचे ५० हजार कोटी गाजावाजा करून जाहीर झाले, त्यातलेही बहुतांश खासगी क्षेत्राने आणावेत अशी अपेक्षा. आणि माझ्या पुतणीला कागदावर महिना ३७ हजार फेलोशिप, जी महिनोन्महिने येतच नाही. घरभाडं तिचा बाप भरतो. तिच्या बरोबरीच्या ज्या मुलीच्या बापाला ते परवडत नाही, ती काय करते? सोडून जाते. मग पंगतीत विचारायचं, तुम्ही काय दिवे लावले.

आपल्या देशात साठीच्या पुढची सुमारे ८८ लाख माणसं स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली आहेत असा अंदाज आहे. म्हणजे ८८ लाख घरं. त्या घरात बहुधा एक सून किंवा मुलगी नोकरी सोडून बसलेली असते. आमच्याकडे आई होती. रात्री दोनला अण्णा "डबल बेल!" म्हणून उठायचे आणि ती दाराला पाठ लावून बसायची, ते बाहेर पडू नयेत म्हणून.

अण्णा गेले तेव्हा आम्ही नेत्रदान केलं. ते लगेच झालं, माणसं आली, आदराने काम करून गेली. महाराष्ट्राने देहदान-नेत्रदानात नाव कमावलंय ते उगाच नाही. मी तेव्हाच विचारलं होतं, मेंदू घ्या ना, ह्याच मेंदूचं उत्तर मला हवं होतं. फोनवरचा माणूस म्हणाला, "असलं काही नसतं हो." असतं. बेंगळुरूला निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या सरकारी संस्थेत १९९५ पासून ब्रेन बँक आहे, दान केलेले मेंदू संशोधनासाठी जपणारी. पण मेंदू काही तासांत काढून नीट ठेवावा लागतो. साताऱ्याहून बेंगळुरू किती लांब आहे ते तुम्हाला माहीत आहे.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक राज्यात निदान एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मेंदू घेण्याची, जपण्याची सोय करा. पाच वर्षांचा पैसा कबूल करा आणि तो पाच वर्षं द्या. फेलोशिप महिन्याच्या महिन्याला द्या, तुमच्या पगारासारखी. फेब्रुवारीत अर्थसंकल्प येईल तेव्हा आपण सगळे आयकराचे स्लॅब बघणार, मीही बघणार. त्याच दिवशी विज्ञानाच्या रकान्यातला आकडाही बघा आणि आपल्या खासदाराला विचारा. खासदार लग्नामुंजीला येतातच की.

तुमच्यापैकी कुणी घरातल्या माणसाचा मेंदू संशोधनासाठी दिला असेल, तर कुणाला फोन केला, कागद काय लागले, किती वेळात माणसं आली, ते खाली कॉमेंटमध्ये लिहा. इनबॉक्समध्ये नको, इथेच लिहा, म्हणजे बाकीच्यांनाही मिळेल.