पेटीचं दार टेपने बंद करू नका रे बाबांनो

मामेभावाचा काल रात्री फोटो आला. मधपेटीला कचऱ्याची काळी पिशवी गुंडाळलेली, दारावर आडवीउभी चिकटपट्टी आणि खाली "ताई, बरोबर केलंय ना गं?" कारण तोच मेसेज, जो याच आठवड्यात मला तीन जणांनी पाठवलाय: बर्फ पडतो तिथे माशा हिवाळाभर झोपतात, पेटी प्लास्टिकने हवाबंद करा, आत पातळ पाक ठेवा, माईट (माशांना चिकटणारे गोचिडीसारखे बारीक परजीवी) थंडीने आपोआप मरतात आणि दर आठवड्याला उघडून राणी बघा. (हवाबंद करायची आणि दर आठवड्याला उघडायची पण! लिहिणाऱ्याने स्वतः एकदा तरी वाचलं का हे?)

माशा झोपत नाहीत. हवा साधारण 14 अंशांच्या खाली गेली की एकमेकींना बिलगून घोस करतात आणि उडायचे स्नायू नुसते थरथरवून ऊब काढतात, पेटी नाही तापवत, स्वतःला तापवतात. त्यासाठी मध लागतो, आणि एक किलो मध खर्ची पडला की अर्ध्या लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. हिवाळ्यात 20 किलो संपला तर करा हिशेब, बादलीभर पाणी झालं. प्लास्टिकमध्ये ती वाफ जाणार कुठे, गार झाकणाला लागून थेंब होते आणि माशांवरच टपकते. कोरडी माशी कडाक्याची थंडी काढते, भिजलेली नाही काढत. त्यात दार बंद म्हणजे मेलेल्या बाहेर टाकता येत नाहीत, आणि ऊन पडल्यावर पोट साफ करायला उडताही येत नाही, माशी पेटीत घाण करत नाही, आठवडेच्या आठवडे दाबून धरते बिचारी.

भावाला तिथल्या तिथे टेप काढायला लावली. दारामागे मेलेल्या माशांचा ओला लगदा होता, वाकवलेल्या तारेने ओढून काढला त्याने.

बरं, वारा अडवा, दाराची फट एक सेंटिमीटरहून कमी उंच ठेवा म्हणजे उंदीर शिरत नाही, झाकणाखाली इन्सुलेशन घाला, एवढं मान्य. पाक मात्र थंडी पडायच्या आधी, दोन भाग साखर एक भाग पाणी, नंतर कोरडी साखर. आणि कुठला तरी विकतचा मध घालू नका, त्यातून फाउलब्रूड या अळ्या मारणाऱ्या रोगाचे बीजाणू येऊ शकतात.

माईटचं ऐकून तर डोकंच फिरलं. अरे, वरोआ, म्हणजे हाच माईट, त्या उबदार घोसातच माशीला चिकटून बसलेला असतो, थंडीने कशाला मरेल? सॅम्युएल रॅमसी आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये दाखवलं की तो मुख्यतः माशीच्या शरीरातली चरबी साठवणाऱ्या पेशी खातो, रक्त नव्हे. हिवाळी माशी उन्हाळीसारखी सहा आठवड्यांत न मरता पाचसहा महिने जगते ती याच साठ्यावर. म्हणून औषध उन्हाळा संपता संपता, हिवाळी माशा वाढायच्या आधी. डिसेंबरात जाग येऊन उपयोग नाही.

आणि राणी बघायला उघडायचं नाही. मागून एका हाताने पेटी जराशी उचल, जड लागली म्हणजे आत मध आहे, गप घरात जा.