ज्युरी ड्युटी टाळायच्या ‘युक्त्या’ सांगणारा तो मेसेज फॉरवर्ड करणं आधी थांबवा

गेल्या गुरुवारी रात्री साडेअकराला आत्याचा फोन आला. एवढ्या रात्री फोन म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. ती म्हणाली, “अगं, मी काहीतरी भलतंच करून बसलेय का ते जरा सांग ना.” आत्या ७१ वर्षांची आहे, टेक्सासमध्ये डॅलसजवळ मुलाकडे राहते, चार वर्षांपूर्वी सिटिझन झाली. तिला काउंटी कोर्टाचं ज्युरी समन्स, म्हणजे खटल्यात बसून निकाल द्यायला साध्या नागरिकांना येतं ते बोलावणं, आलेलं आणि त्याच आठवड्यात तिच्या भिशीच्या ग्रुपवर कुणीतरी तो मराठी मेसेज टाकला, “अमेरिकेत ज्युरी ड्युटीपासून सुटका, सर्व भारतीयांपर्यंत पोचवा”. सहा मुद्दे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे आला असेल, माझ्याकडेच तीन ठिकाणांहून आलाय. आत्याने त्यातला तिसरा मुद्दा वाचून फॉर्मवर ‘मी अमेरिकेची नागरिक नाही’ या चौकोनात पेनाने बरोबरची खूण केली, पाकीट चिकटवलं आणि सकाळी टाकायचं म्हणून फ्रिजवर ठेवलं. मग तिला झोप लागेना.

ही तीच बाई आहे जी ओथ सेरेमनीला पैठणी नेसून गेली होती आणि नागरिकशास्त्राचे शंभर प्रश्न ओट्यावर चिकटवून सहा महिने पाठ करत होती. तिला एका मेसेजने ‘मी नागरिक नाही’ असं लिहायला लावलं. म्हणून मी चिडलेय, आणि म्हणून हे एवढं सगळं लिहितेय.

आधी तो तिसरा मुद्दाच घेते, बाकीचे नंतर.

मेसेज म्हणतो, “नॉट अ सिटिझन वर टिक करा, कोणी चेक करत नाही, विषय संपला.” विषय संपत नाही, तिथून सुरू होतो. टेक्सास गव्हर्न्मेंट कोडचं चॅप्टर ६२ पूर्णपणे ज्युरीबद्दल आहे, ऑनलाइन फुकट वाचायला मिळतं, फॉरवर्ड करणाऱ्या एकानेही उघडलेलं दिसत नाही. त्यात कलम ६२.११३ असं आहे की नागरिक नसल्याचं सांगून जे लोक ज्युरीतून सुटतात त्यांची यादी कोर्टाच्या क्लर्कने ठेवायची आणि दर महिन्याला मतदार नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे आणि राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे पाठवायची. सरकारी वकिलाकडेही जाते, कारण मतदार यादीत नाव असलेला माणूस जर म्हणतोय की मी नागरिक नाही, तर मग त्याने नोंदणी करताना खोटं सांगितलं का, हे तपासायला! म्हणजे तुम्ही एक दिवस वाचवायला खूण केलीत, तर पुढे तुमच्या घरी पत्र येणार की नागरिकत्वाचा पुरावा ३० दिवसांत द्या, नाही दिलात तर मतदार यादीतून नाव जाणार. आत्यासारखी बाई जी इंग्रजी पत्रं ‘मुलगा आला की बघेल’ म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवते, तिचं नाव कधी गेलं हे तिला मतदानाच्या दिवशी रांगेत कळलं असतं.

शिवाय त्याच चॅप्टरमध्ये ६२.०१४१ आहे. समन्स न पाळणं किंवा सूट मागताना जाणूनबुजून खोटी माहिती देणं, दोन्हीला १०० ते १००० डॉलर दंड. फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टाचा फॉर्म असेल तर केंद्राच्या कायद्यातलं टायटल २८ चं कलम १८६४, तिथे खोट्या माहितीला १००० डॉलरपर्यंत दंड किंवा तीन दिवसांपर्यंत कैद किंवा समाजसेवा, किंवा हे सगळं एकत्र. आणि तुम्ही मोठ्या मुश्किलीने मिळवलेल्या नागरिकत्वाबद्दल सरकारी कागदावर स्वतःच्या सहीने खोटं लिहिलंत हे वेगळंच.

याची उलटी बाजूही सांगते कारण ग्रुपमध्ये एच-वन आणि ग्रीन कार्डवाले भरपूर आहेत. तुम्हालाही समन्स येऊ शकतं, कारण लायसनच्या यादीवरून नावं काढतात. तुम्ही मात्र तो चौकोन भरायचाच, तिथे ती खूण खरी आहे, आणि फॉर्म परत पाठवायचाच. ‘चला बघून तरी येऊ’ म्हणून नागरिक असल्याचं सांगून ज्युरीत जाऊन बसू नका. नागरिकत्वाचा खोटा दावा ही इमिग्रेशनमधली सगळ्यात अवघड गोष्ट आहे, त्याच्यावरून माणसाला देशाबाहेर काढता येतं. एकाच चौकोनाचा सल्ला कुणाला वाचवतो आणि कुणाला बुडवतो, आणि मेसेज म्हणतो “सर्व भारतीयांसाठी”.

आता पहिला मुद्दा, मतदार नोंदणी करू नका म्हणजे बोलावणंच येणार नाही. चूक. टेक्सासमध्ये मतदार यादी आणि ड्रायव्हिंग लायसन, स्टेट आयडीची यादी एकत्र करतात. न्यू जर्सीत तर राज्याचा टॅक्स भरणाऱ्यांची यादीही घेतात, कॅलिफोर्नियातही. मग गाडी चालवायची नाही, टॅक्स भरायचा नाही, असं करणार आहात का? मत द्यायचा हक्क फुकट घालवाल आणि समन्स येईलच.

दुसरा, “साध्या पोस्टाने येतं, पोचल्याचा पुरावा नसतो, फेकून द्या.” साध्या पोस्टाने येतं हे खरं आहे, ते मान्य करते. आणि पहिल्याच चुकीला दारात पोलीस येतात असंही नाही, बहुतेक वेळा दुसरं पत्र येतं. पण दंड कायद्यात आहे आणि तो लावायचा की नाही हे जजच्या हातात आहे, तुमच्या ग्रुपच्या नाही. फेकण्यापेक्षा तारीख बदलून मागा ना, वर्षभरात आधी मागितली नसेल तर टेक्सासमध्ये सहा महिन्यांच्या आतली दुसरी तारीख मिळते, तसं कायद्यातच लिहिलंय. भारतात जायची तिकिटं काढलीत, मुलीचं बाळंतपण आहे, ऑफिसमध्ये रिलीज आहे, तारीख बदला. बारा वर्षांखालचं मूल घरी एकटं राहत असेल तर टेक्सासमध्ये सरळ सूट आहे. कॉलेजात शिकणाऱ्यांनाही आहे. हे खरे मार्ग मेसेजमध्ये एका ओळीतही नाहीत.

याच मुद्द्याला जोडून एक धोक्याची गोष्ट. मेसेजच्या शेवटी लिहिलंय की “कोर्टातून फोन आला तर वाद न घालता दंड भरून टाका, मिटतं.” अरे देवा! “तुम्ही ज्युरीला आला नाहीत, तुमच्या नावाचं वॉरंट निघालंय, आत्ता गिफ्ट कार्डाचे नंबर द्या” हा अमेरिकेतला नेहमीचा फ्रॉड आहे, फेडरल कोर्टं स्वतः वारंवार सांगतात की आम्ही फोनवर पैसे किंवा सोशल सिक्युरिटी नंबर मागत नाही. असा फोन आला की ठेवून द्यायचा आणि समन्सवर छापलेल्या नंबरवर स्वतः लावायचा. आईवडिलांना ही एवढी ओळ आज सांगा, बाकी लेख नाही वाचला तरी चालेल.

सत्तरच्या वरच्यांना आपोआप माफी, हा चौथा. यात अर्धं खरं आहे, म्हणजे होतं. टेक्सासमध्ये पूर्वी ७० होतं, आता ७५ च्या वर आहे. आणि तेही आपोआप नाही, मागावं लागतं. आत्या ७१ ची, त्यामुळे तिला ही सूट नाहीच. तब्येत खरंच साथ देत नसेल तर डॉक्टरचं पत्र जोडायचं.

पाचवा, “महिनाभर अडकवतात, नोकरी जाते.” पैसे अगदीच थोडे मिळतात हे शंभर टक्के खरं, टेक्सासमध्ये पहिल्या दिवसाचे २० डॉलर आणि पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५८, फेडरलला दिवसाला ५०. ज्याचं पोट तासाच्या पगारावर आहे त्याला हे परवडत नाही आणि त्याबद्दल ओरड व्हायलाच हवी, मी त्यांच्या बाजूने आहे. पण ज्युरीला गेला म्हणून कायम नोकरीतल्या माणसाला काढून टाकणं टेक्सासमध्येही बेकायदेशीर आहे आणि फेडरल ज्युरीसाठीही. महिनाभराच्या केसेस क्वचित असतात, बहुतेक जण पहिल्याच दिवशी संध्याकाळच्या आत घरी येतात.

आणि पाचव्यातलाच तो दुसरा सल्ला, “जजसमोर सांगा की आरोपी बघूनच गुन्हेगार वाटतो, लगेच सोडतात.” इथे मला माझं सांगावंच लागेल.

मी तीन वर्षांपूर्वी गेले होते. खरं सांगायचं तर मलाही नको होतं, प्रोजेक्टचं डेडलाइन होतं आणि पार्किंग शोधण्यातच अर्धा तास गेला. मोठ्या हॉलमध्ये नंबर लावून बसवतात, मग आमच्यातल्या काहींना कोर्टरूममध्ये नेलं आणि दोन्हीकडचे वकील प्रश्न विचारायला लागले. पोलिसाचा शब्द तुम्ही इतर साक्षीदारापेक्षा जास्त खरा मानाल का, घरात कुणाचा दारू पिऊन चालवलेल्या गाडीमुळे अपघात झालाय का, असले. आरोपी समोरच बसलेला. पेट्रोल पंपावरच्या दुकानात रात्रपाळी करणारा आपल्याकडचाच मुलगा, पंचविशीचा असेल, अंगात नवा शर्ट, पाकिटातल्या घड्या अजून खांद्यावर तशाच उठलेल्या. कुणीतरी सांगितलं असेल की कोर्टात नीट कपडे घालून जा. माझ्यापुढच्या रांगेतला एकजण उठून म्हणाला की मला तो दोषीच वाटतो, आणि त्याला घरी पाठवलं. त्या मुलाने मान वर करून त्या माणसाकडे बघितलं नाही, टेबलाकडेच बघत राहिला. मेसेज तुम्हाला हे करायला सांगतोय. एका माणसासमोर उभं राहून, त्याच्या आयुष्याचा फैसला व्हायचा दिवस असताना, लवकर घरी जायला मिळावं म्हणून.

मी सहाजणांत निवडली गेले, छोटी केस होती, दारू पिऊन गाडी चालवल्याची, अशा केसला काउंटी कोर्टात सहाच असतात. पोलिसाच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ दाखवला. पोलीस विचारतो, आज प्यायला आहेस का, आणि मुलगा मान हलवतो. पोलिसाने लिहिलं, आरोपीने मान हलवून कबूल केलं. आत खोलीत बसल्यावर बाकीचे पाचही जण म्हणाले की हो तर म्हणतोय. मी दोनदा तो व्हिडिओ मागवला. ती मान आपली होती हो, ती ‘हो’ नव्हती, ‘ऐकतोय, साहेब’ अशी, डावीउजवीकडे डोलणारी, शाळेत मास्तर बोलताना आपण सगळ्यांनी डोलावलेली. मी उठून करून दाखवली. तिथे एक निवृत्त मास्तरीण होती, गोरी, साठीची, ती म्हणाली पुन्हा दाखव. मग बाकीचा पुरावा पुन्हा पहिल्यापासून बघितला आणि संध्याकाळी सहाला आम्ही सहाही जणांनी तो दोषी नाही असं लिहून दिलं. त्या दिवशी मी ती पाचव्या मुद्द्यातली युक्ती केली असती तर त्या खोलीत ती मान कुणालाच कळली नसती.

म्हणून सहावा मुद्दा वाचून तर मला रागच आवरेना. “भारताने ही अडाणी पद्धत नानावटी केसनंतर बंद केली, आपण का जायचं?” नौदलातल्या नानावटीने बायकोच्या प्रियकराला गोळी घातली, त्या खुनाच्या केसमध्ये १९५९ मध्ये मुंबईच्या ज्युरीने ८ विरुद्ध १ ने निर्दोष म्हटलं, जजला पटलं नाही, हायकोर्टाने दोषी धरलं आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं, एवढं बरोबर. पण लॉ कमिशनने ज्युरी बंद करा असं १९५८ मध्येच, म्हणजे गोळी झाडली जायच्या आधीच सुचवलं होतं, आणि कायद्यातून ती गेली १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. नानावटीने शिक्का मारला असं म्हणा हवं तर. आणि पूर्ण गेलीच असंही नाही, पारशी घटस्फोटाच्या कायद्यात ज्युरीसारखे डेलिगेट अजूनही आहेत.

पण मराठी माणसाने ज्युरीबद्दल नानावटी तेवढा लक्षात ठेवावा आणि टिळक विसरावेत? १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात नऊ जणांची ज्युरी होती, सहा युरोपियन आणि तीन भारतीय. निकाल ६ विरुद्ध ३. सहा कोण आणि तीन कोण हे सांगायला नको. १९०८ मध्ये पुन्हा, सात युरोपियन, दोन पारशी, आणि निकाल ७ विरुद्ध २. सहा वर्षं मंडाले. ज्युरीचा निर्णय काही असो, मी निर्दोष आहे, हे टिळकांचं म्हणणं आज मुंबई हायकोर्टात दगडावर कोरलेलं आहे, ते आपण शाळेत असताना अभिमानाने वाचलं. त्या बाकांवर आपली माणसं पुरेशी नव्हती म्हणून काय झालं हे आपल्याइतकं कुणाला माहीत असायला हवं? आणि आता इथे आपल्याला बोलावून बस म्हणतायत, तर आपण फॉर्मवर खोटं लिहून पळायचं?

इंग्रजी खरंच जमत नसेल तर तसं खरं सांगा, फेडरल कायद्यात इंग्रजी बोलता-वाचता येणं ही अटच आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आत्याला मात्र येतं, हेल मराठी आहे एवढंच, आणि हेल असणं ही अपात्रता नाही.

शुक्रवारी सकाळी मी तिच्याशी फोनवर बसून फॉर्म ऑनलाइन भरला, ते पाकीट तिने फाडून टाकलं. सोमवारी तिची तारीख आहे, आदल्या संध्याकाळी वेबसाइटवर आपला ग्रुप नंबर बघायचा, नंबर नसेल तर जायची गरज नाही, हे तिने वहीत लिहून घेतलंय. डबा नेऊ का विचारत होती. ने म्हटलं, फक्त फळं कापायची सुरी घरी ठेव, दारात चेकिंग असतं.