अबोला धरायलाही कुणीतरी लागतं

सलाम मंडळी. आज लांबलचक लिहिणार आहे, कारण चिडले आहे.

दुपारी सुदामानगरला ओळखीच्यांकडे वास्तुशांतीचं जेवण होतं. त्यांचा मुलगा पुण्याला आयटीत असतो, सुट्टीवर आलाय. हुशार पोरगा, मला आवडतो. श्रीखंड वाढता वाढता म्हणाला, "काकू, तुम्ही इतकी वर्षं फिजिक्स शिकवता आणि तरी दर रविवारी चर्च? देव म्हणजे घाबरलेल्या माणसांची सोय. नाही म्हणायला हिंमत लागते." पंगतीतल्या दोघातिघांनी कौतुकानं माना डोलावल्या. तासाभरापूर्वी होमाला हात जोडून बसलेल्यांनी!

सोय?

माझा धाकटा भाऊ मेंदूज्वरानं गेला तेव्हा मी चौथीत होते. आई मिशनच्या दवाखान्यात नर्स. तिच्या हाताखालून किती मुलं बरी होऊन घरी गेली होती. हा नाही गेला. त्याला मातीआड केलं आणि तिनं प्रार्थना सोडली. जेवणाआधी आम्ही डोळे मिटायचो तेव्हा ती ओट्याकडे तोंड करून उभी राहायची. रविवारी आम्हा बहिणींच्या वेण्या घालून, रुमालात दानाचं नाणं बांधून चर्चला धाडायची, स्वतः यायची नाही. पाळकसाहेब चौकशीला आले तर म्हणाली, "माझं त्याच्याशी बोलणं बंद आहे. मुलींचं चालू राहू दे."

पाळकसाहेबांनी चहा घेतला आणि गेले. एक शब्द उपदेश केला नाही, देव त्यांचं भलं करो.

हे बघत मी वाढले आणि मला सांगतात सोय. आईसाठी 'वर कुणी नाहीच' म्हणणं किती सोपं होतं! मग मेंदूज्वर म्हणजे नुसता मेंदूज्वर. रडायचं आणि पुढे चालायचं. पण तो आहे, चांगला आहे, आणि तरीही माझं लेकरू गेलं, या तिन्ही गोष्टी एका छातीत घेऊन रोज ड्यूटीवर जायचं, यात कुठली सोय आली?

आणि हिंमतीचं म्हणाल, तर १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा नातेवाईक तुटले, बायको-मुलगा दुरावले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा व्हायला १९०० साल उजाडलं. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ, मग नवरा. एवढं झाल्यावर १८८३ साली त्या ख्रिस्ती झाल्या आणि तिथेही गप्प बसल्या नाहीत. इंग्लंडच्या चर्चवाल्यांशी शिकवणीवरून भांडल्या, आणि शेवटी हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. या बाईला घाबरट म्हणून दाखवा. आज एसी ऑफिसात बसून देव नाकारायला काय पडतं रे बाळा? वर लाइक मिळतात.

बरं, फिजिक्स. बिग बँगचा विचार मांडणारा जॉर्ज लमेत्र कॅथलिक पाद्री होता. यानं देव सिद्ध होत नाही, मान्य. पोपनं तसा सूर लावला तेव्हा लमेत्रलाच ते रुचलं नव्हतं. वर्गात मी देव शिकवत नाही, समीकरणं शिकवते.

आणि हो, चर्चमध्ये ढोंगी आहेत. पहिल्याच बाकावर आहेत. पुढे.

आता आईचं राहिलेलं सांगते. असेच महिने गेले. एक दिवस भांडी घासता घासता ती मोठ्यानं म्हणाली, "का रे?" आमच्याशी नाही, बाबांशी नाही. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि आम्हाला घेऊन बाहेर गेले. ती आत एकटीच भांडत होती, अंगणापर्यंत ऐकू येत होतं. उत्तर मिळालं का? मला तरी तिनं कधी सांगितलं नाही. पण नंतर एका रविवारी ती आमच्याबरोबर निघाली. शेवटच्या बाकावर बसली. 'प्रभूची इच्छा' असं काही गाण्यात आलं की तोंड मिटून घ्यायची, ते शेवटपर्यंत.

लिहिता लिहिता राग ओसरला थोडा. कारण खरं सांगू, त्या पोराच्या 'नाही'ची मला भीती वाटत नाही. वधस्तंभावर प्रभू येशूनं बायबलातल्या बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ म्हटली, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ज्याच्या स्वतःच्या तोंडी हे आहे, तो आईच्या "का रे"नं दुखावला असेल? मला नाही वाटत. त्याला नाकारणारा फार मोठं काही गमावतो, हे मात्र मी मानते आणि कुणाला बरं वाटावं म्हणून मागे घेणार नाही. पण येशूनं सांगितलेल्या गोष्टीतल्या उधळ्या पुत्राच्या बापानं पोराला दारात अडवलं नव्हतं. वाटा दिला आणि जाऊ दिलं.

म्हणूनच आता दुसरी तक्रार, आपल्याच माणसांची. हा किस्सा मी संध्याकाळी आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर टाकला, तर लगेच चौदावं स्तोत्र आलं, "मूर्ख आपल्या मनात म्हणतो, देव नाही." खाली हात जोडलेले इमोजी. एका ताईंनी तर त्याला नरकाचा निरोप द्यायला सांगितलं. स्तोत्र खरं आहे, पण ते पंगतीत कुणाच्या तोंडावर फेकायला लिहिलेलं नाही. माझ्या आईला त्या दिवसांत कुणी ही ओळ ऐकवली असती तर ती परत आली असती का?

निरोप मी देणार नाहीये. ताईंना काही म्हणायचं असेल तर मला फोन करा, उद्या शाळा सुटल्यावर मी घरीच आहे. पोराला मी शनिवारी पोहे-जलेबी खायला बोलावलंय, त्याचा वाद अजून अर्धा राहिलाय.