'पगारी माणसाच्या हातात दिलं' म्हणणाऱ्यांसाठी

गेले दोन आठवडे एक मेसेज फिरतोय, माझ्याकडे चार ग्रुपवरून आला, त्यातले दोन तर नातेवाईकांचेच. त्यात थोडक्यात असं म्हटलंय की परदेशात कुटुंबं तुटलीत म्हणून तिकडे दिव्यांगांना पगारी माणसं सांभाळतात, आपल्याकडे घरचे सेवा करतात ही आपली संस्कृती, मदतनीस ठेवणं म्हणजे जबाबदारी झटकणं, त्यात माणूस कायमचा परावलंबी होतो, सरकार पेन्शन अन सवलती देतंच, आणि अगदीच झेपत नसेल तर एखाद्या चांगल्या संस्थेत ठेवावं. पाठवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नाही हे मला माहितीये. पण मी नऊ वर्षांपासून व्हीलचेअरवर आहे, अपघातात मणक्याला मार बसला, छातीखाली संवेदना नाही, बोटांत जोर नाही, त्यामुळे एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतेय.

पहिला मुद्दा, 'घरचे करतात'. घरचे म्हणजे कोण हो? आमच्याकडे घरचे म्हणजे आई. तुमच्या ओळखीतल्या घरांत बघा, आई नाहीतर बायको नाहीतर सून. पहिली पाच वर्षं माझं सगळं आईने केलं. रात्री दर दोन तासांनी अलार्म लावून उठायची आणि मला कुशीवर वळवायची, कारण एकाच बाजूवर पडून राहिलं की बेडसोर, म्हणजे दाबामुळे कातडीला जखम, होतो अन मला तो दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही. सकाळी स्पंजिंग, पोट साफ करणं, लघवीची नळी, कपडे, मग बेडवरून खुर्चीत उचलणं. माझं वजन ५४ किलो. डॉक्टरांनी तिला पाच किलोच्या वर काही उचलू नका म्हणून सांगितलेलं, ती साडीच्या आत कमरेचा पट्टा बांधायची आणि मला दिसू नये म्हणून पदर पुढे घ्यायची. एका सकाळी मला उचलताना तिची कंबर धरली आणि आम्ही दोघी बेड आणि खुर्चीच्या मधे फरशीवर पडलो. दार आतून लावलेलं, फोन टेबलावर. चाळीस मिनिटं तशाच पडून होतो, ती माझं डोकं मांडीवर घेऊन बसलेली आणि सारखी 'माझं चुकलं' म्हणत होती. तिचं काय चुकलं होतं? त्या महिन्यात आम्ही मदतनीस शोधला. जबाबदारी झटकणं म्हणतात ते हे असेल तर ते आम्ही आधीच करायला पाहिजे होतं. आता आई सकाळी चहाचा कप घेऊन माझ्या खोलीत येते, पेपर वाचून दाखवते, कधीकधी माझ्याशी भांडतेसुद्धा. आधी भांडायलाही दोघींत त्राण नसायचं.

आणि संस्कृतीचंच बोलायचं तर पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी १९७४ पासून. सैन्यातल्या पूर्ण अपंगत्व आलेल्या माणसाला सतत मदतनीस लागत असेल तर पेन्शनशिवाय वेगळा भत्ता मिळतो, कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स. जवानाच्या घरच्यांनी जबाबदारी झटकली असं कोणी म्हणत नाही ना, म्हणूही नये. मग बाइकवरून पडलेल्याला किंवा जन्मापासून सेरेब्रल पाल्सी असलेल्याला वेगळा नियम का? रेल्वेसुद्धा एकट्याने प्रवास न करू शकणाऱ्याच्या साथीदाराला तिकिटात सवलत देते, म्हणजे सोबत माणूस लागतो हे सरकारने कधीच मान्य केलंय.

'परदेशात कुटुंबं तुटली म्हणून' हे तर इतिहासाच्याच उलट आहे. एड रॉबर्ट्स नावाचा अमेरिकन मुलगा, चौदाव्या वर्षी पोलिओ झाला, मानेखाली हालचाल जवळजवळ नाही, झोपायला आयर्न लंग नावाचं श्वास चालू ठेवणारं मोठं यंत्र लागायचं. शारीरिक शिक्षण आणि ड्रायव्हिंगचा कोर्स पूर्ण नाही म्हणून शाळा त्याला डिप्लोमा देत नव्हती, तेव्हा त्याची आई झोना शाळेशी भांडली. कुटुंब कुठे तुटलं होतं? १९६२ ला तो कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठात गेला, कॅम्पसवरच्या हॉस्पिटलात राहून शिकला, आणि १९७२ मध्ये त्याने आणि त्याच्यासारख्यांनी तिथे सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग उभं केलं, दिव्यांगांना स्वतंत्र जगता यावं म्हणून दिव्यांगांनीच चालवलेलं. आपला मदतनीस आपण निवडायचा, कामाची वेळ आपण सांगायची, ही मागणी त्यांची स्वतःची होती, टाकून दिलेल्यांची सोय म्हणून कोणी वरून दिलेली नव्हती. स्वीडनमध्ये तर १९९४ पासून पर्सनल असिस्टंट, म्हणजे रोजच्या कामांसाठीचा मदतनीस, हा कायद्याने दिलेला हक्क आहे.

परावलंबी होण्याचं म्हणाल तर माझी सकाळ सांगते. माझ्या मदतनीस मावशी साडेसहाला येतात. मी सांगते, आधी डावा हात बाहीत घाला कारण तो कडक असतो, पाठीखाली कुर्त्याची घडी राहिली का हात फिरवून बघा, युरिन बॅग मांडीला उजव्या बाजूने बांधा, केस आज मोकळे. नऊला मी तयार असते, साडेनऊला लॉगिन. मला शर्टाची बटणं एकटीने लावता येतात, पाऊण तास लागतो, अन मग दुपारपर्यंत हात थरथरतात. तो पाऊण तास बटणात घालवायचा की पगार मिळवण्यात हे मी ठरवलंय. हात मावशींचे आहेत, ठरवणारी मी आहे. आईच्या वेळी हे जमत नव्हतं, तिने इतकं केल्यावर 'केस मोकळे ठेव' असं तिला सांगायला जीभ रेटायची नाही.

आता सरकार. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे महिन्याला १५०० होते, २०२५ मध्ये २५०० करायचं ठरलं, बरं झालं, पण त्याला कुटुंबाच्या वर्षाच्या उत्पन्नाची ५० हजारांची अट आहे, म्हणजे घरात कोणी धडपणे कमावत असेल तर तेही नाही. केंद्राची अपंग पेन्शन महिना ३०० रुपये, तीही दारिद्र्यरेषेखालच्या आणि ८० टक्के अपंगत्व असलेल्यांना. इन्कम टॅक्समध्ये वजावट आहे, नव्या रिजिममध्ये तीही नाही. मी मावशींना सकाळ-संध्याकाळ मिळून पाच तासांचे ११ हजार देते, मदतनीस पुरवणाऱ्या ब्यूरोने बारा तासांच्या बाईचा जो आकडा सांगितला तो माझ्या पगाराच्या निम्म्याहून जास्त होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांसाठी केअरगिव्हर भत्ता लिहिलेला आहे, कलम ३८ मध्ये त्या आधारासाठी अर्ज अन तपासणी बोर्ड आहे. पण त्याच कलम २४ मध्ये 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' हेही शब्द आहेत, सगळं घोडं तिथेच अडतं. केरळात आश्वासकिरणम् योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये मिळतात, फार नाहीत, पण काळजी घेणं हे काम आहे एवढं तरी मानलंय. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने बाराव्या वर्षी अपघातात जखमी झालेल्या एका मुलीला भरपाई देताना दोन अटेंडंटचा खर्च महिना १० हजार धरून २१ लाख ६० हजार मंजूर केले. कोर्टाने 'आई आहे ना बघायला' असं म्हटलं नाही.

संस्थेचा मुद्दा एका वाक्यात, त्याच कायद्याच्या कलम ५ प्रमाणे मला समाजात राहायचा हक्क आहे आणि त्यासाठी लागणारी पर्सनल असिस्टन्स त्याच कलमात लिहिलीय, मी माझं घर, माझी खिडकी आणि समोरचा पारिजात सोडून का जाऊ?

मेसेजमध्ये न लिहिलेली एक भीती मात्र खरी आहे, परकं माणूस नीट करेल का. मावशींच्या आधी एका ब्यूरोने पाठवलेल्या बाईंना काहीच शिकवलेलं नव्हतं, ओल्या चादरीवर दुपारभर राहिले, माकडहाडावर बेडसोर झाला, भरायला तीन महिने लागले. त्या बाईंवर माझा राग नाही, त्या आदल्या दिवसापर्यंत धुणीभांडी करत होत्या अन दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर मी. केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाची (नॅशनल ट्रस्ट) सहयोगी नावाची योजना केअरगिव्हरना शिकवण्यासाठीच आहे, असं शिक्षण जिल्ह्याजिल्ह्यात मिळायला पाहिजे, म्हणजे काम करणाऱ्या बाईलाही 'पेशंट बघणारी' एवढीच ओळख राहणार नाही आणि मोबदला मागता येईल. मावशींना महिन्यात चार सुट्ट्या देते. त्या दिवशी मामेबहीण येते नाहीतर मी बेडवरच राहते आणि लॅपटॉप पोटावर ठेवून काम करते. आईला उचलू देत नाही, ती अजूनही येऊन बेडपाशी हात पुढे करून उभी राहते.