दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर: रेकॉर्डिंगमधली टकटक, गप्प होणारा एनव्हीडीए आणि जुना लॅपटॉप

नमस्कार ताई,

रिव्ह्यू वाचला. तुमचे मुद्दे आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही विषय कळेल. वडिलांना दिसत नाही, ते घरी हार्मोनियमवर अभंग म्हणून रेकॉर्ड करतात, आणि त्यासाठी 2015चा लॅपटॉप तुम्ही आमच्याकडून अपग्रेड करून घेतलात. तक्रार अशी की पैसे खर्चूनही रेकॉर्डिंगमध्ये टकटक येते, रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) उघडलं की स्क्रीन वाचणारा आवाज, म्हणजे एनव्हीडीए, गप्प होतो आणि एकदा तर तोच आवाज अभंगात उमटला. शिवाय जुनी डिस्क आत न बसवता वेगळी हातात दिली, विंडोज 11 टाकलं नाही, आणि त्यापेक्षा नवा लॅपटॉप घ्या असं आम्ही सरळ सांगायला हवं होतं.

तुमच्या रिव्ह्यूत तीन गोष्टी ओझरत्या आल्या आहेत: भाच्याने नंतर एएसआयओ फोर ऑल हा मोफत ड्रायव्हर टाकून दिला (एएसआयओ म्हणजे आवाज कमी उशिराने नेणारी ड्रायव्हरची पद्धत), ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारी डबी, यूएसबी हबमध्ये लावलेला आहे, आणि वडील स्क्रीनचा आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकतात. पहिल्या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक इथेच आहे.

एएसआयओ फोर ऑल वाईट नाही. ज्या साउंड कार्डाला स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर नसतो त्याच्यासाठी ते बनलंय. पण ते कार्ड थेट आपल्या ताब्यात घेतं आणि तेवढा वेळ बाकी कुठल्याच प्रोग्रामला तिथून आवाज काढता येत नाही. त्याच्या कार्डांच्या यादीत रिअलटेकवर, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ कार्डावर, खूण राहिली असेल तर रीपर सुरू होताच एनव्हीडीएचा आवाज जातो. दिसणाऱ्या माणसाला ही किरकोळ अडचण, पण वडिलांसाठी त्या क्षणी अख्खा स्क्रीनच बंद झालेला असतो. टकटकही यातूनच येऊ शकते. माइक इंटरफेसमधून आणि ऐकायचं रिअलटेकमधून, असं या ड्रायव्हरने एकत्र जोडलं की दोन कार्डांची दोन वेगळी घड्याळं एकमेकांपासून हळूहळू सरकत जातात. ठरावीक अंतराने पडणारी एकसारखी ‘टक’ ही बहुधा त्याची खूण. वेळीअवेळी येणारी चरचर असेल तर कारण वेगळं, ते खाली सांगतो.

आता करायचं असं. विंडोज की आणि आर दाबून ‘appwiz.cpl’ टाइप करा आणि एएसआयओ फोर ऑल काढून टाका. इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर आम्ही टाकून दिला होता, तो जागेवरच असेल. रीपरमध्ये कंट्रोल पी, मग ऑडिओ, त्यात डिव्हाइस, आणि ड्रायव्हरच्या यादीत तो निवडा. सॅम्पल रेट 48000. बफर (आवाज एका वेळी जेवढ्या तुकड्यात साठवला जातो तो आकार) रेकॉर्डिंगला 256 ठेवा, त्याने साधारण 5 मिलिसेकंदांचा उशीर होतो. नंतर मिक्सिंग करताना 1024 केला तरी चालेल. तानपुऱ्याच्या ट्रॅकवर गाताना स्वतःचा आवाज किंचित उशिरा ऐकू आला तर बफर आणखी खाली ओढू नका. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण चालू करा आणि रीपरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येईल.

मग एनव्हीडीए. एनव्हीडीए की (तुमच्याकडे इन्सर्ट), कंट्रोल आणि यू दाबलं की ऑडिओची सेटिंग्ज उघडतात. आउटपुट डिव्हाइसमध्ये ‘डीफॉल्ट’ न ठेवता नाव घेऊन रिअलटेक निवडा. इंटरफेस लावला की विंडोज पुष्कळदा त्यालाच डीफॉल्ट करून टाकतं, म्हणून नाव घेऊन निवडणं महत्त्वाचं. तिथेच ऑडिओ डकिंग नावाची सोय आहे, ती ‘नो डकिंग’वर असू द्या. ती चालू असली की एनव्हीडीए बोलताना बाकीचे आवाज दबतात. मग वडिलांना वाटणार तानपुरा खाली गेला, आणि ते विनाकारण गेन (माइकच्या आवाजाची पातळी) वाढवणार.

स्क्रीनचा आवाज अभंगात कसा शिरला, हे वडील स्वतः कानाने ओळखतील. तो आवाज लांबून, खोलीत घुमल्यासारखा येत असेल तर स्पीकरमधून माइकमध्ये गेलाय. अगदी कोरडा, माइकला तोंड लावल्यासारखा स्पष्ट असेल तर रेकॉर्डिंगसाठी स्टिरिओ मिक्स किंवा इंटरफेसचं लूपबॅक चॅनेल (लॅपटॉपमधलाच आवाज रेकॉर्डिंगला परत देणारे इनपुट) निवडलं गेलंय. दुसऱ्या प्रकाराला ट्रॅकचा इनपुट बदलून माइक नंबर 1 केला की झालं. पहिल्याला उपाय एकच, रेकॉर्डिंगच्या वेळी स्पीकर बंद. लॅपटॉपच्या 3.5 मिलिमीटर जॅकला साधा इअरफोन लावून तो एका कानात घालायचा, आणि त्यावरून इंटरफेसचा बंद कपांचा हेडफोन. एका कानाला स्क्रीन कळतो, दोन्ही कानांना गाणं. सुरुवातीला अवघड वाटतं, पण दृष्टिहीन रेकॉर्डिस्ट ही पद्धत सर्रास वापरतात. गाताना एनव्हीडीए मध्येच काही बोलायला लागला तर नुसता कंट्रोल दाबा, वाक्य तिथेच तुटतं. आणि एनव्हीडीए कधी खरंच गप्प झाला तर कंट्रोल, ऑल्ट आणि एन, तो पुन्हा सुरू होतो. ही शेवटची जोडणी वडिलांच्या बोटांत बसू द्या, तेवढ्यासाठी कुणाला हाक मारावी लागू नये.

हबचं म्हणाल तर तो काढाच. यूएसबी 2च्या पोर्टमधून 500 मिलिअँपिअरपर्यंत करंट मिळतो. वेगळा अडॅप्टर नसलेला हब तेवढ्यातच सगळ्यांची भागवाभागवी करतो. कंडेन्सर माइकला लागणारे 48 व्होल्ट इंटरफेस त्याच 5 व्होल्टमधून तयार करतो, त्यात शेजारी पेनड्राइव्ह चालू असला की ओढाताण होते. इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्येच लावायचा. आम्ही डाव्या बाजूच्या एका पोर्टजवळ उंचवट्याचा ठिपका चिकटवलाय, तोच तो पोर्ट. गेनच्या खुंटीवरही एक ठिपका आहे. तो सरळ वर आला की त्यांच्या नेहमीच्या पट्टीत, माइक वीतभर अंतरावर असताना, मोठ्यात मोठा आवाज उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या मध्ये राहतो.

एवढं करूनही वेळीअवेळी चरचर राहिली तर रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद करा. जुन्या लॅपटॉपात वायफायचा ड्रायव्हर काही मिलिसेकंद प्रोसेसर अडवून धरतो. फाइल कॉपी करताना ते कळतही नाही, पण आवाजाचा बफर तेवढ्यात रिकामा होतो. प्रोसेसर तिप्पट वेगाचा असला तरी हे घडू शकतं, म्हणून ‘लॅपटॉप स्लो आहे’ हे निदान इथे बसत नाही. पॉवर ऑप्शनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवणारी सोय) आम्ही बंद केलंय आणि प्रोसेसरची कमाल मर्यादा 99 टक्के ठेवलीय. कुणी ती ‘सुधारून’ 100 करू नका. 99वर टर्बो (प्रोसेसरचा तात्पुरता वाढीव वेग) बंद राहतो, तुमचा आय5 5200यू हा 2.7ऐवजी 2.2 गिगाहर्ट्झवर थांबतो आणि पंखा शांत राहतो. गळा आणि पेटी अशा दोन ट्रॅकना 2.2 भरपूर झालं.

जुन्या डिस्कबद्दल. सीडी ड्राइव्हच्या जागी कॅडी (डिस्क धरणारी चौकट) टाकून ती आत बसवता आली असती, कामही दहा मिनिटांचं. मुद्दाम बसवली नाही. मिनिटाला 5400 फेऱ्यांची डिस्क म्हणजे सेकंदाला 90 फेरे. त्याची घरघर टेबलातून माइकच्या स्टँडमध्ये चढते आणि पेटीच्या खालच्या सुरांच्या आसपासच बसते, नंतर फिल्टर लावून काढायला गेलं तर पेटीचा भरदारपणाही जातो. तिच्या जागी टाकलेल्या एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. म्हणून रेकॉर्डिंग एसएसडीवर, आणि ती डिस्क यूएसबीच्या डबीत, फक्त बॅकअपला. जागा पुरेल का ही काळजी नको. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, एक मोनो ट्रॅक म्हणजे मिनिटाला सुमारे 8.6 एमबी. दोन ट्रॅक तासभर चालले तरी 1 जीबीच्या जरासंच वर जातं.

रॅम 4 जीबीची 8 केली, 16 का नाही असं पुढे कुणी विचारेल. दोन-चार ट्रॅक, रीपर आणि एनव्हीडीए यांना 8 पुरते, उरलेले पैसे माइकच्या स्टँडवर घाला. मात्र रॅम कुठलीही चालत नाही. या पिढीच्या प्रोसेसरला 1.35 व्होल्टची डीडीआर3एल लागते. 1.5 व्होल्टची जुनी डीडीआर3 त्याच 204 पिनांच्या खाचेत मुकाट बसते आणि मग मशीन चालूच होत नाही. स्वस्तात मिळाली म्हणून घेऊन येणारे बरेच असतात.

विंडोज 11ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतो. तुमचा प्रोसेसर पाचव्या पिढीचा. तपासणी चुकवून ते टाकता येतं, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि एखाद्या अपडेटनंतर ऑडिओ ड्रायव्हर बिघडला तर वडील पुन्हा अडून बसणार. विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय 13 ऑक्टोबर 2026पर्यंतची आहे. तरीही या लॅपटॉपवर बँकेचं काम करू नका. रेकॉर्डिंग करायचं, फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची, पाठवायची ती फोनवरून.

आणि नवा लॅपटॉप? वीस-पंचवीस ट्रॅक, जड प्लगइन किंवा रोजचं इंटरनेटचं काम असतं तर आम्हीच तसं म्हटलं असतं. पण या तक्रारींपैकी टकटक, गप्प होणारा एनव्हीडीए आणि गाण्यात शिरलेला आवाज हे तिन्ही नव्या मशीनवर तसेच्या तसे आले असते, कारण तोच हब, तोच ड्रायव्हर आणि तोच स्पीकर तिथेही असता. शिवाय आताच्या पातळ मॉडेलांत बऱ्याचदा रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते आणि पोर्ट मोजके, म्हणजे हब पुन्हा आलाच. एनव्हीडीए आणि रीपरला त्याच्याशी बोलतं करणारं ओसारा, दोन्ही मोफत आहेत, त्यांचे पैसे बिलात लावलेले नाहीत. रीपर 60 दिवस वापरून बघता येतं, घरगुती परवाना 60 डॉलरचा. तो तुम्ही थेट कंपनीकडून घ्यायचा, आम्ही मध्ये नाही.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. आपल्या बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या जुन्या घरांत अर्थिंगचा भरवसा नसतो. शांत जागी एकसारखा ‘हंऽऽ’ ऐकू आला तर चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहा. गेला तर दोष विजेच्या जोडणीत. चार्जरची तिसरी पिन कापलेली असेल तर आधी ती बदला. छताचा पंखा मात्र बंदच ठेवावा लागेल. बडोद्याच्या मे महिन्यात ही शिक्षा आहे हे मान्य, तेव्हा पहाटेची वेळ धरा. उत्तरायणाच्या, म्हणजे पतंगांच्या सणाच्या, दोन दिवसांत तर नादच सोडा, गच्चीगच्चीवर लाउडस्पीकर असतात.

हे फोनवर वाचून करणं जड वाटत असेल तर लॅपटॉप, इंटरफेस, माइक, हब आणि दोन्ही हेडफोन घेऊन या. अर्धा-पाऊण तास लागेल, त्याचे पैसे नाहीत. शक्य असेल तर वडिलांनाही आणा, इअरफोन कुठल्या कानात बरा वाटतो आणि एनव्हीडीएचा वेग किती हवा ते त्यांच्यासमोरच ठरवता येईल. संध्याकाळी पाचनंतर दुकानात गर्दी असते, सकाळी अकराच्या आसपास आलात तर बरं.